चांद्रगाडीचा खेळ आणि शिलाईचा धंदा

ऑगस्ट २०२३ मध्ये इस्रोच्या २६ किलोच्या ‘प्रज्ञान’ गाडीला चंद्रावर तीन मीटर पुढे चार मीटर रुंदीचा खड्डा दिसला. पृथ्वीवरून हुकूम गेला नि गाडी मागे फिरली.

मुलांच्या खेळातला यंत्रमानव असेच हुकूम पाळतो: पुढे, डावीकडे, थांब. क्रम आधी ठरवायचा, चुकला तर दुरुस्त करायचा. पण तयार यंत्रमानव हातावर पोट असणाऱ्याला परवडत नाही.

ट्रॉम्ब्याच्या चीता कॅम्पमधील शिलाई कारागिरांनी इकडे लक्ष द्यावे. चिंध्यांतून चौकोनी घरांची चादर शिवा, वर खड्डे नि खडक लावा. घरी गाडी म्हणून काड्यापेटीही चालेल! मात्र घर १५ सेंटिमीटरचेच ठेवा. शाळांतला ‘बी-बॉट’ एका हुकमाला तेवढाच सरकतो; माप जुळले तर शाळाही गिऱ्हाईक होईल.