भीती लहरींची, धोका तारेचा

घरात वायफाय घ्यायचं ठरलं की पहिली शंका निघते ती लहरींची. पोरं झोपतात त्या खोलीत राउटर नको, हे वाक्य अहिल्यानगर शहरातल्या फ्लॅटमध्येही ऐकू येतं आणि नेवाशाच्या वस्तीवरही. ही काळजी उडवून लावण्यासारखी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं. मात्र त्या गटाचा अर्थ एवढाच, की शक्यता नाकारता येत नाही आणि पुरावा तोकडा आहे. तेव्हा हिशेबच मांडून पाहू. राउटरची शक्ती १०० मिलिवॉट धरली आणि ती चहूकडे सारखी पसरते असं मानलं, तर १ मीटरवर दर चौरस मीटरला सुमारे ८ मिलिवॉट पोहोचतात. भारताने सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. वायफायच्या लहरींना तीच लावली तर ती येते दर चौरस मीटरला १००० मिलिवॉट. म्हणजे राउटर सव्वाशेव्या हिश्शावर आहे, आणि अंतर दुप्पट केलं की हा हिस्साही चौथाईवर येतो. उशापासून दोन हात दूर ठेवला तरी पुरे. एवढं केल्यावर लक्ष जायला हवं ते त्याच्या पाठीमागच्या तारांकडे.

‘राउटर तर १२ व्होल्टचा, त्याला कसली भीती?’ असं विचारलं जातं. १२ व्होल्ट ॲडॉप्टरच्या पुढे असतात; मागे २३० व्होल्टच आहेत. गावातल्या लाइनवर न्यूट्रल तुटला तर काही घरांत हा दाब ४०० च्या आसपास चढतो, आणि दिवसरात्र चालू असलेला स्वस्त ॲडॉप्टर आधी जळतो. तो पडद्यामागच्या कोनाड्यात, वह्या-पुस्तकांना टेकून ठेवलेला असेल तर नुकसान ॲडॉप्टरपुरतं राहत नाही. उपकरणाभोवती मोकळी हवा हवी आणि त्याची पिन थेट सॉकेटमध्ये बसायला हवी, एकातून दुसऱ्या एक्स्टेंशन बोर्डात नव्हे.

अहिल्यानगर जिल्ह्यात खरी कसोटी लागते ती वळवाच्या पावसात. वीज घरावरच पडायला हवी असं नाही. जवळपास कोसळली तरी गच्चीवरून आलेल्या लांब तांब्याच्या केबलमध्ये दाबाचा झटका उमटतो आणि केबलमार्गे आत शिरतो. त्याला वाट देण्याचं काम अर्थिंगचं. पण गोदावरी-प्रवरेच्या पट्ट्यातली काळी माती उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात, आणि अर्थिंगच्या पाइपाला बिलगलेली माती सुटते. पारनेरच्या माळावर मुरूम कोरडा पडला की तोही वीज नीट वाहून नेत नाही. म्हणजे वळीव गडगडतो तेव्हाच अर्थिंग सर्वांत दुबळं असतं. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतण्याची जुनी रीत म्हणूनच शहाणपणाची आहे. अनेक घरांत तर तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगची तारच जोडलेली नसते. तिथे महागडा सर्ज प्रोटेक्टरही आपलं निम्मं काम करू शकत नाही. आभाळ भरून येताना पिन आणि केबल दोन्ही काढून ठेवणं हा त्याहून खात्रीचा उपाय. नुसतं बटण बंद केल्याने केबलची वाट बंद होत नाही.

यावर फायबरवाले म्हणतील, आमची तार काचेची, तिच्यातून वीज येणारच कशी? काचेतून येत नाही, हे खरं. पण खांबावरून घरापर्यंत येणाऱ्या फायबर केबलला ताण सोसण्यासाठी बहुधा पोलादी तार जोडलेली असते. ती भिंतीबाहेरच्या हुकालाच अडकवून थांबवायची. आत यावी ती फक्त काच. तीही करकचून वाकवायची नाही, आणि सुटलेल्या टोकात डोकावायचं नाही, कारण त्यातला लेझर डोळ्याला दिसत नाही.

जागेचं म्हणाल तर बसवणारा माणूस केबल जिथे आत येते त्या खिडकीपाशीच राउटर ठोकून मोकळा होतो. जाड दगडी भिंती आणि पत्र्याच्या छपराचं घर असेल तर तिथून सिग्नल मधल्या खोलीतही पोहोचत नाही. दगड लहरी शोषतो, पत्रा त्या परतवतो. राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला हवा. तिथे ड्रिल लावण्याआधी खालचा स्विचबोर्ड पाहावा. प्लास्टरमधली तार बोर्डापासून सहसा सरळ वर जाते, म्हणून भोक त्या रेषेपासून हातभर बाजूला घ्यावं, आणि तेवढा वेळ मेन स्विच बंद ठेवून ड्रिलसाठी वीज शेजारून आणावी.