कार्डावर नाव आहे का?

आरोग्यमित्राच्या टेबलापाशी पहिला प्रश्न आजाराचा नसतो. ‘रेशनकार्ड आणलं का?’ हा असतो. एक्स-रे, सोनोग्राफीचे कागद, डॉक्टरांची चिठ्ठी हे सगळं टेबलावरची आरोग्यमित्र बाजूला सारते आणि आधी केशरी कार्ड उघडते. आतल्या पानावरच्या नावांवरून बोट फिरवते, मग समोरच्या माणसाकडे पाहते. अमरावतीत, मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेतल्या एका दवाखान्यात मी हे काम जवळून पाहिलं. रुग्णाला योजनेचा लाभ मिळणार की नाही, हे बहुतेक वेळा त्या बोटाच्या फेरीतच कळतं.

दर्यापूर तालुक्यातली एक तरुण बाई आली होती. मूत्रमार्गात खडा अडकलेला, वेदनेनं चेहरा पांढरा पडलेला. सोबत सासू. सासूनं पिशवीतून कार्ड काढलं, पण त्यात सुनेचं नाव नव्हतं.

“नाव हाय नं मॅडम. हिच्या मायेरच्या कारडात हाय.”

“लग्नाला किती वर्षं झाली, मावशी?”

“तीन होतीन. काई काम पडलं नाई नं कधी.”

माहेर अकोट तालुक्यात. भावाला फोन गेला. तो कार्ड घेऊन एसटीनं निघाला आणि संध्याकाळी पोचला. तेव्हा दुसरी अडचण पुढे आली. कार्डावर बापाचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर मात्र नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. दोन्ही कागदांतली बाई एकच आहे, हे दाखवायला तिसरा कागद हवा होता. सुदैवानं भावानं ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणीचा दाखला आणला होता. आरोग्यमित्रानं सगळे कागद स्कॅन करून पूर्वपरवानगीसाठी पाठवले. मंजुरी दुसऱ्या दिवशी आली. त्या बाईनं मधली रात्र इंजेक्शनवर काढली.

ही योजना वऱ्हाडाला नवी नाही. २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता. अकोल्यासह उरलेले जिल्हे २१ नोव्हेंबर २०१३ पासून आले. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं आणि १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडून राबवली जाऊ लागली. सुरुवातीला पिवळ्या आणि केशरी कार्डाचीच कुटुंबं तिच्यात होती. पुढे शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांतल्या शुभ्र कार्डधारक शेतकऱ्यांना सातबारा दाखवून लाभ मिळू लागला. त्या १४ जिल्ह्यांत अमरावती आणि अकोला दोन्ही आहेत. आता कार्डाच्या रंगाची अट उरलेली नाही. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे.

दार सगळ्यांसाठी उघडलं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण दारात ओळख पटवायची ती अजूनही कुटुंबाच्या कागदावरूनच, आणि आपल्याकडे कुटुंब बदलतं तेव्हा कागद बदलत नाही. लग्न होतं, मूल जन्मतं, म्हातारा जातो, भाऊ वेगळा निघतो, मुलगी परत माहेरी येते. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक असतं, तहसीलच्या पुरवठा विभागाला मात्र कोणी कळवत नाही. या योजनेला नोंदणीचा हंगाम नाही, वर्षभर कधीही या. मला वाटतं, शेवटची तारीखच नसल्यामुळे कागद बदलायचं काम मागे पडत राहतं आणि शेवटी तारीख ठरवतो तो आजार.

पुरवठा विभागाच्या खिडकीवरची गर्दी पाहिली तर दोन प्रकारची माणसं ओळखू येतात. एकांना धान्याचं युनिट वाढवायचं असतं. ती शांतपणे रांगेत उभी असतात, एकमेकांना पावसापाण्याचं विचारतात. दुसऱ्यांच्या हातात दवाखान्याची फाइल असते. ती रांगेत थांबू शकत नाहीत. पुन्हापुन्हा पुढे येऊन ‘साहेब, पेशंट भरती हाय’ एवढंच सांगतात. काउंटरवरचा कारकून त्यांचा कागद वर काढतोही, पण प्रक्रियेच्या पायऱ्या त्याला गाळता येत नाहीत. लग्न झालेल्या मुलीचं नाव आधी माहेरच्या कार्डातून कमी व्हावं लागतं. त्याचा अर्ज वेगळा, आणि तो माहेरच्या तालुक्यात. नाव कमी केल्याचा दाखला मिळाला की तो जोडून सासरच्या तहसीलला नाव वाढवण्याचा अर्ज. माहेर अकोल्यात आणि सासर अमरावतीत असेल तर दोन जिल्हे, दोन कार्यालयं. त्यात आणखी एक खोच आहे, जी लोकांना दवाखान्यातच कळते. जुन्या कार्डावर पेनानं नाव लिहिलेलं असतं, शिक्काही असतो, पण ऑनलाइन नोंदीत ते चढलेलंच नसतं. रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर टाकल्यावर पडद्यावर नाव दिसलं नाही, तर हातातलं कार्ड दाखवून फार उपयोग होत नाही.

आयुष्मान भारतच्या यादीचा मूळ पाया २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातीय जनगणनेचा. त्या वेळी सातवीत असलेली मुलगी आज दोन लेकरांची आई आहे. मूळ यादीत मात्र ती बापाच्याच घरात राहिलेली. नवे सदस्य जोडायची सोय आहे. सुनेसाठी विवाहाचा दाखला, बाळासाठी जन्मदाखला किंवा रेशनकार्ड चालतं. पण ते सेवा केंद्रात जाऊन कोणीतरी करून घ्यावं लागतं.

बाळाच्या बाबतीत गडबड सगळ्यात जास्त होते, कारण तिथे वेळच नसतो. कमी दिवसांचं मूल जन्मलं आणि काचेत ठेवावं लागलं, तर त्याचं नाव कुठल्याच कार्डावर असणं शक्य नाही. नियमात त्याचा विचार आहे. जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांसोबतचा फोटो देता येतो. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते आणि प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर माहिती तिथूनच जाते. म्हणून सुटीच्या आधीच दाखल्याचं विचारून ठेवावं.

मृत्यूनंतरचं काम मात्र घरातल्या माणसांच्या हातून होतच नाही. तेराव्यापर्यंत कोणाला सुचत नाही आणि नंतर पेरणी लागते. बाप गेला, कार्ड त्याच्या नावावर, सातबारा त्याच्या नावावर, तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्जच नाही, असं घर गावोगाव आहे. अशा घरातली विधवा माझ्याशी बोलताना म्हणाली, “मालकाचं नाव काढाले हात धजत नाई.” हे ऐकल्यावर तिला नियम समजावणं जड जातं. तरी सांगावं लागतं. कुटुंबप्रमुख गेला म्हणून बाकीच्यांचा हक्क जात नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तर घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी स्त्री हीच कार्डापुरती कुटुंबप्रमुख मानली आहे. त्या बाईचं नाव पहिल्या ओळीत लागणं हा तिचा अधिकार आहे, उपकार नव्हे. सगळ्यात अवघड जागा परित्यक्तेची. तिचं नाव सासरच्या कार्डात, सासरचे कार्ड देत नाहीत आणि नाव कमीही करून देत नाहीत. तिच्यासाठी ग्रामसेवक, आशाताई, पोलीस पाटील यांनी स्वतः उठून तहसीलला गेलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे झालं रेशनकार्डाचं. अकोल्याच्या एमआयडीसीत गणित वेगळं. डाळमिल, तेलमिलमधल्या ज्या कामगाराचा पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत आहे त्याचा कर्मचारी राज्य विमा कापला जातो, पगाराच्या पाऊण टक्का. मालक सव्वातीन टक्के भरतो. इथे वर्षाचे दोन भाग आहेत. एप्रिल ते सप्टेंबर हप्ता गेला की त्याचा लाभकाळ पुढचा जानेवारी ते जून. ऑक्टोबर ते मार्चचा हप्ता जुलै ते डिसेंबरमध्ये कामी येतो. काम सुटलं की त्याच दिवशी सगळं संपलं, असं समजून बसलेले कामगार मी पाहिले आहेत. लाभकाळ शिल्लक असतो आणि ते खासगीत पैसे भरतात. पगार मधेच २१,००० च्या वर गेला तरी तो हप्त्याचा सहामाही काळ संपेपर्यंत विमा चालू राहतो. निदान पाच वर्षं विम्यात काढून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायकोचे उपचार चालू ठेवता येतात. ही माहिती मिलच्या फाटकावर लावायला काहीच हरकत नसावी.

ज्यांची मुलं पुण्यात कंपन्यांत आहेत, त्यांनी आपलं नाव मुलाच्या कंपनीच्या पॉलिसीत आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये. तिथे लग्न झाल्यावर किंवा मूल झाल्यावर नाव घालायला साधारण महिनाभराचीच मुभा असते. ती गेली की पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं. मुलानं नोकरी सोडली की बहुधा पॉलिसीही सुटते. स्वतःची पॉलिसी दुसऱ्या कंपनीत न्यायची असेल तर नूतनीकरणाच्या ४५ दिवस आधी हालचाल सुरू करावी.

वय हाही एक बदलच आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारतच्या वय वंदना कार्डावर पाच लाखांचं संरक्षण मिळतं. घर आधीच योजनेत असेल तर हे पाच लाख त्या ज्येष्ठांसाठी वेगळे. वय पाहतात ते आधारवरचं. आपल्याकडच्या किती तरी आज्यांच्या आधारवर १ जानेवारी हीच जन्मतारीख आहे आणि साल अंदाजानं लिहिलेलं. पंचाहत्तरीची आजी आधारवर सदुसष्टची निघाली तर तिला उगाच थांबावं लागतं. शाळेचा दाखला किंवा दुसरा पुरावा असेल तर दुरुस्ती आताच करून घ्यावी.

घरात लग्न, बाळंतपण, मृत्यू किंवा वाटणी झाली असेल, तर या महिन्यातला एक दिवस तहसीलसाठी काढा. लग्न झालेल्या मुलीच्या बापानं नाव कमी केल्याचा दाखला स्वतः तिच्या सासरी पोचवावा. बारा अंकी नंबर टाकून प्रत्येकाचं नाव पडद्यावर दिसतं का, ते रेशन दुकानात किंवा सेवा केंद्रात डोळ्यांनी पाहून घ्या. अडलं तर योजनेचा निःशुल्क क्रमांक १५५३८८ आहे, तिथे मराठीत बोलता येतं.