जुन्या ट्रॅक्टरचा पी. टी. ओ. शाफ्ट : झीज, बदल व सावधगिरी

खरिपाची सुगी तोंडावर आली म्हणजे ज्या शेतकरी बंधूंच्या घरीं जुना ट्रॅक्टर आहे त्यांचें लक्ष प्रथम इंजिनाकडे जातें. तेल, हवेची जाळी, टायर, बॅटरी यांची विचारपूस होते. परंतु ट्रॅक्टरच्या पाठीमागें गुडघ्याच्या उंचीवर जो आंखूड दांडा बाहेर आलेला असतो, आणि ज्याच्या जोरावर मळणीयंत्र, रोटाव्हेटर व फवारणीचा ब्लोअर चालतो, त्याच्याकडे तो काम देईनासा होईपर्यंत कोणी पाहत नाहीं. या दांड्यास आपण सर्व पी. टी. ओ. शाफ्ट म्हणतों. त्याच्या झिजेविषयीं आम्हांस दोन हंगामांत जो अनुभव आला, तो वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आरंभींच सांगितलें पाहिजे कीं, आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें, आणि आयुष्य गेलें महसूल खात्याच्या कारकुनींत. यंत्रशास्त्र आम्ही शिकलों नाहीं. येथें जें लिहिलें आहे तें हात काळे करून, मिस्त्रींस विचारून, व थोडें नुकसान सोसून मिळविलेलें आहे.

इंजिनाची शक्ति अशा शाफ्टानें मागील अवजारास देण्याची सोय अमेरिकेंतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें १९१८ च्या सुमारास विक्रीच्या ट्रॅक्टरांत आणिली. त्यापूर्वीं कापणीयंत्रास लागणारी गति त्याच्याच जमिनीवर फिरणाऱ्या चाकापासून घ्यावी लागे, व चिखलांत चाक घसरलें कीं यंत्र थांबे. पुढें एका कंपनीचें अवजार दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरास लागावें म्हणून शाफ्टाचें माप व गति यांचा दंडक ठरला. व्यास ३५ मि. मी., म्हणजे एक इंच व वर तीन अष्टमांश; दांते सहा; आणि फेरे मिनिटास ५४०. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांस हाच शाफ्ट असतो. याच व्यासाचा, परंतु २१ दांत्यांचा शाफ्ट दिसला तर तो मिनिटास १००० फेऱ्यांचा समजावा. मात्र दंडक आहे तो बाहेरच्या टोकापुरता. आंतील टोक, लांबी व बेअरिंगची जागा हीं प्रत्येक कंपनीचीं निराळीं असतात. ज्यांनीं केवळ "सहा दांत्यांचा शाफ्ट द्या" म्हणून दुकानीं मागणी केली, त्यांस दुसरी खेप करावी लागली आहे.

आमचा अनुभव

आमचा ट्रॅक्टर ३५ अश्वशक्तीचा व १९८६ सालच्या नोंदणीचा आहे. सेवानिवृत्तीनंतर २०२० सालीं तो आम्हीं जुना म्हणूनच विकत घेतला. २०२१ च्या आश्विनांत सोयाबीन कापून खळ्यावर गंजी लागलेली, आकाशांत परतीच्या पावसाचे ढग, आणि मळणी चालूं असतां एकाएकीं खडखडाट होऊन यंत्र थांबलें. इंजिन चालूं, शाफ्टही फिरतो, परंतु त्यावर बसविलेला जॉइंटचा योक जागच्या जागीं. पाहतों तों शाफ्टाचे दांते झिजून गेलेले आणि योकाच्या आंतील खाचा रुंदावलेल्या. गंजीवर ताडपत्री टाकून आम्हीं तालुक्याच्या गांवीं धांव घेतली.

मिस्त्रीनें साफ सांगितलें, "भाऊसाहेब, शाफ्ट, योक, क्रॉस, बेअरिंग आणि सील, सगळें एकदम बदला." दुसऱ्या एकानें योक शाफ्टावर वेल्डिंगनें डकवून देण्याचा सोपा उपाय सुचविला. तो आम्हीं नाकारला हें बरें झालें. कारण वेल्डिंगच्या आंचेनें शाफ्टाचें पाणी बिघडतें, तो तडकण्याचा संभव असतो, आणि पुढें योक काढावयाचा झाल्यास शाफ्टही कापावा लागतो. परंतु पहिल्या मिस्त्रीचा सल्लाही आम्हीं पुरता मानिला नाहीं. शाफ्ट नवा घेतला, व योक "अजून चालेल" म्हणून जुनाच ठेविला. जन्मभर दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब राखल्यानें स्वतःचा रुपया हातून सुटत नाहीं, हा आमचा दोष.

एका वर्षांत, म्हणजे २०२२ च्या हंगामांत, नवा शाफ्टही झिजलेला आढळला. चुकीच्या वहीवरून नवी वही उतरून घेतली तर चूकही उतरते, हें आम्हांस कचेरींत पाठ होतें. लोखंडासही तोच न्याय लागतो हें तेव्हां कळलें. रुंदावलेल्या खाचेंत नवा दांता सबंध बाजूनें टेकत नाहीं, केवळ कडेवर टेकतो. सर्व भार त्या बारीक कडेवर येतो आणि प्रत्येक धक्क्याबरोबर ती चेपत जाते. म्हणून शाफ्ट व योक ही जोडी आहे, व ती जोडीनेंच बदलली पाहिजे.

त्याच हंगामांत दुसरी गोष्ट घडली. शाफ्टावरील लोखंडी झांकण योक बसवितांना आड येतें म्हणून आम्हींच काढून ठेविलें होतें. मळणी चालूं असतां आमच्याकडील एक गडी फिरत्या शाफ्टावरून पाय टाकून पलीकडे जाऊं लागला. योकाच्या बाहेर आलेल्या पिनेंत त्याच्या सदऱ्याचें टोक सांपडलें. तोंडून शब्द निघण्यापूर्वीं सदरा अंगावरून फाटून शाफ्टाभोंवतीं गुंडाळला गेला, व तो उघड्या अंगानें पलीकडे पडला. मानेवरची व काखेंतली कातडी सोलली, एवढ्यावर निभावलें. दवाखान्यांतून परत आल्यावर तो आम्हांस म्हणाला, "जाऊं द्या भाऊसाहेब, सदरा जुनाच होता." त्यानें आमचें समाधान करण्यासाठीं तसें म्हटलें. आम्हांस मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं. कारण सदरा नवा असता तर तो फाटला नसता.

मागाहून आम्हीं हिशेब मांडला. मिनिटास ५४० म्हणजे सेकंदास ९ फेरे. उघड्या शाफ्टाचा घेर सुमारें ११ सें. मी.; म्हणजे तो एका सेकंदांत मीटरभर कापड ओढून घेतो. १० सें. मी. व्यासाचा योक तेवढ्याच वेळांत पावणेतीन मीटरांहून अधिक ओढतो. माणसानें ओरडावें, चालकानें ऐकावें, मग क्लच दाबावा, यांस दोन सेकंद तरी लागतात. हा हिशेब ज्यानें एकदां केला, तो उघड्या शाफ्टाजवळ कोणास उभें राहूं देणार नाहीं.

झिजेची परीक्षा

परीक्षा हंगामाच्या एक महिना आधीं करावी. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, योक शाफ्टावर बसवून हातानें मागें-पुढें फिरवून पाहावा. शाफ्ट स्थिर असून योकच हलत असेल तर झीज दांत्यांची आहे. मग शाफ्टाचें टोक वर-खालीं हलवावें. तें हललें तर बेअरिंग गेलें असें समजावें. योक काढून दांत्यांच्या बाजूवरून नख फिरवावें; पायरीसारखी खांच लागली किंवा दांता माथ्याकडे निमुळता झालेला दिसला, तर तो शाफ्ट पुढील हंगाम निभावणार नाहीं. शाफ्टाच्या मुळाशीं तेल ओघळत असेल तर सील गेलें; परंतु बेअरिंग ढिलें असतां नुसतें सील बदलणें व्यर्थ आहे, कारण हलणारा शाफ्ट नवें सीलही लवकरच खातो.

कारणाचा शोध

भाग बदलण्यापूर्वीं झीज कशानें झाली हें शोधावें, नाहींतर तेंच पुन्हां घडेल. आमच्याकडे तीन कारणें निघालीं. पहिलें, वंगण. बैलगाडीच्या आंसास वंगण घातल्यावांचून आपले वडील गाडी जुंपीत नसत. परंतु मिनिटास ५४० वेळां फिरणाऱ्या शाफ्टास आम्हीं वर्षांत दोनदां ग्रीस दिलें होतें. दुसरें, मळणीयंत्र ट्रॅक्टरच्या सरळ रेषेंत न ठेवितां जागा सांपडेल तसें तिरपें लावणें. तिसरें, जोडशाफ्टाचे दोन तुकडे एकमेकांत बसवितांना दोन्ही टोकांचे योक एका पातळींत न आणणें. ते एका पातळींत नसले तर प्रत्येक फेऱ्यांत गति कमीजास्त होऊन दांत्यांवर हिसके बसतात. याशिवाय योकाची पिन शाफ्टावरील खोबणींत नीट बसली नसेल, तर योक अर्ध्याच दांत्यांवर राहतो व अर्धेच दांते सर्व भार सोसतात. पिन बसल्याचा आवाज ऐकून, मग योक मागें ओढून पाहावा.

बदलण्याची रीत

ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करून चाकांस पुढें-मागें दगड लावावे व किल्ली आपल्याच खिशांत ठेवावी. शाफ्टाभोंवतींची माती डिझेलनें धुऊन काढावी, म्हणजे ती आंत पडणार नाहीं. आमच्या ट्रॅक्टरांत शाफ्टाचें आंतलें अंग मागील घराच्या तेलांत असतें. तें तेल प्रथम स्वच्छ भांड्यांत काढून घेतलें. तेलाच्या तळाशीं करडी भुकटी असली तर ती साधारण झीज होय. परंतु चमकणारे तुकडे निघाले तर आंतील गिअर पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये.

शाफ्टाच्या मुळाशीं बेअरिंगचें झांकण चार बोल्टांनीं बसविलेलें असतें. बोल्ट समोरासमोरच्या क्रमानें थोडे थोडे सैल करावे व शाफ्ट झांकणासह सरळ मागें ओढावा. कांहीं ट्रॅक्टरांत शाफ्ट असा मागून निघत नाहीं, आंत गिअर व लॉक असतात. तेथें जाणत्या मिस्त्रीवांचून हात घालूं नये. अडलेल्या शाफ्टावर लोखंडी हातोडा मारूं नये. लाकडी ठोकळा मध्यें धरावा.

जुना व नवा शाफ्ट गोणपाटावर शेजारीं ठेवून लांबी, दोन्ही टोकांचे दांते व बेअरिंगची जागा ताडून पाहावी. जुना शाफ्ट काम पुरें होईपर्यंत दुकानांत देऊं नये. बेअरिंग शाफ्टावर चढवितांना दाब आंतल्या कडीवरच द्यावा. बाहेरच्या कडीवर ठोकल्यास गोळ्यांवर वण पडतात व नवें बेअरिंग घरींच खराब होतें. सीलाची स्प्रिंग असलेली बाजू आंत, तेलाकडे, असावी. शाफ्ट सीलांतून घालतांना दांत्यांवर पातळ प्लास्टिकचा कागद गुंडाळून ग्रीस लावावें. एरवीं दांत्यांच्या धारेनें सीलाची ओंठी कापली जाते, व सारें काम पुन्हां करावें लागतें. आमचें पहिलें सील असेंच गेलें.

जुनें पॅकिंग खरवडून नवें घालावें, बोल्ट समोरासमोरच्या क्रमानें आंवळावे, तेल खुणेपर्यंत भरावें. क्रॉसला ग्रीस देतांना जुनें ग्रीस बाहेर येऊं लागेपर्यंत द्यावें. मग शाफ्ट प्रथम हातानें फिरवून पाहावा, व अवजार न जोडतां मंद गतीनें दहा मिनिटें चालवावा. इंजिन बंद करून तेलाचा ओघळ व बेअरिंगची ऊब पाहावी, आणि मगच काम धरावें.

झांकण हाही एक सुटा भागच

१९८३ सालीं केंद्र सरकारनें धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, तो मुख्यतः मळणीयंत्रांमुळें होणाऱ्या अपघातांसाठीं. कायद्याचीं पुस्तकें आम्हीं पुष्कळ हाताळलीं आहेत. पुस्तक कपाटांत राहतें व झांकण शाफ्टावर नसतें, एवढेंच आमचें त्यावर म्हणणें आहे. आमच्या ट्रॅक्टरचें झांकण आम्हीं शोधूं लागलों, तें गोठ्यांत कोंबड्यांच्या खुराड्यावर मिळालें. तें काढून, वांकलेलें ठोकून सरळ करून पुन्हां बसविलें. व जोडशाफ्टावर प्लास्टिकची नळी घेतली. ही नळी शाफ्टाबरोबर फिरूं नये म्हणून तिच्या सांखळ्या ट्रॅक्टरास व अवजारास अडकवाव्या लागतात. सुट्या भागांच्या यादींत झांकण लिहिलेलें नसेल तर आपण लिहावें.

२०२२ च्या कार्तिकांत आम्हीं शाफ्ट, योक, क्रॉस, बेअरिंग व सील हीं सर्व एकदम बदललीं. त्यानंतर २०२३ व २०२४ चे हंगाम सुखरूप पार पडले. नखास पायरी लागली नाहीं. पहिल्या वर्षीं एक योक न घेतां जी बचत केली, तिच्या पायीं दुसरा शाफ्ट, पुन्हां मजुरी, आणि मळणीचे चार दिवस गेले. गड्यास दवाखान्याचा खर्च दिला व दोन नवे सदरे घेऊन दिले. ते देतांना मनांत आलें कीं, आतां याचा सदरा नवा आहे; झांकणावांचून एक फेराही होतां कामा नये.

मळणीच्या दिवशीं झांकण बसलें आहे कीं नाहीं हें पाहण्याचें काम त्याच गड्याकडे सोंपविलें आहे. त्यानें होकार दिल्याखेरीज आम्ही पी. टी. ओ. चा लीव्हर ओढीत नाहीं. आमच्या वाचक बंधूंनीं सुगीपूर्वीं एक सकाळ या कामीं खर्चावी, व आपल्या शाफ्टावरून एकदां नख फिरवून पाहावें, अशी विनंती आहे.