दीर्घ पल्ल्याचा धावपटू आणि आपले औषधकपाट

बलवान व स्निग्धभोजी माणसानेही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, हा वाग्भटाचार्यांचा दंडक आपण रुग्णांना नित्य सांगतो. दीर्घ पल्ल्याचा स्पर्धक धावपटू मात्र हा दंडक मोडूनच धावपटू होतो. शिबिरातील आठवड्याचे अंतर दीडशे किलोमीटरच्या घरात, कधी त्याहूनही अधिक जाते. अतिव्यायामाचे म्हणून चरकाचार्यांनी जे दोष सांगितले, त्यांपैकी श्रम, क्लम, तृष्णा व क्षय यांच्या उंबरठ्यावरच त्याचे वर्ष सरते. अशा माणसावर उपचार करताना स्वस्थवृत्ताचे नेहमीचे मोजमाप पुरे पडत नाही, एवढे प्रथम मान्य करावयास हवे.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील वैद्यबंधूंना हा विषय दूरचा वाटू नये. पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरसाठी पहाटे कालव्याच्या कडेने धावणारी मुले आपण सर्वच पाहतो. (उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असल्याने अंधारात एकट्याने धावू नये, हाही येथे वैद्यकीय सल्लाच समजावा!) त्यांतील काही पुढे क्रॉस कंट्री, अर्धमॅरेथॉन आणि राज्य स्पर्धांकडे वळतात. महाराष्ट्राच्या दुष्काळी व डोंगरी भागांनी या क्षेत्रात जे दिले आहे, ते पाहता हे स्वाभाविकच आहे.

माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१५ मध्ये वुहान येथे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये आशियाई सुवर्ण मिळविले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम करून त्यांनी अंतिम फेरी गाठली व तेथे दहावा क्रमांक मिळविला. १९८४ नंतर भारतीय महिला प्रथमच ऑलिंपिकच्या धावपट्टीवरील अंतिम शर्यतीत उतरली होती. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दहा हजार मीटरमध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य व ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य मिळविले. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे सैन्यात ५ महार तुकडीत दाखल झाले, सियाचीनमध्ये राहिले व मग धावपट्टीवर आले. २०१८ मध्ये त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक केवळ ०.०५ सेकंदाने हुकले. २०२४ मध्ये पॅरिस येथे ८ मिनिटे ९.९१ सेकंदांपर्यंत त्यांनी मजल मारली.

मोठ्या स्पर्धेपूर्वी ही मंडळी उटी, धरमशाला किंवा परदेशात कोलोरॅडो स्प्रिंग्ज अशा ठिकाणी जातात. विरळ हवेत वृक्कातून एरिथ्रोपोएटिन अधिक स्रवते व रक्तकण वाढतात. यासाठी साधारण दोन हजार मीटर उंची लागते. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटरचे, हरिश्चंद्रगड त्याहून कमी. तेव्हा भीमाशंकर वा आहुप्याच्या घाटात राहून ‘उंचीवरचा सराव’ होतो, हा समज सोडावा. चढावर पायांत बळ येते, ते मात्र खरे. रक्तकण वाढावयाचे तर शरीरात लोहाचा साठा हवा. म्हणून शिबिरास निघण्यापूर्वी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासून घ्यावे, मुलींचे तर अवश्य. मासिक पाळी थांबली असेल तर तिला ‘व्यायामाने असे होतेच’ म्हणून सोडून देऊ नये. बहुधा आहार खर्चाला पुरत नसतो, आणि पुढे अस्थिधातूवर त्याचा परिणाम दिसतो.

शिबिराचा दिनक्रम वर्णनाला नीरस आहे. पहाटेची धाव, न्याहारी, झोप, सायंकाळची हलकी धाव, लवकर निजणे. आठवड्यातून दोनतीनदा कठीण सराव. स्पर्धेपूर्वीच्या दोनतीन आठवड्यांत अंतर बरेच कमी केले जाते, वेग मात्र राखला जातो. खरा धोका याच काळात असतो. पाय मोकळे होतात, मन अस्वस्थ होते, लहानशी सर्दीही डोंगराएवढी वाटते आणि मुलगा आपल्या दारात येतो. नोंदणीकृत चाचणीगटातील धावपटूला तर रोजचा एक तास आपण कोठे असू हे आगाऊ कळवावे लागते. बारा महिन्यांत तीनदा चूक झाली की तोही नियमभंग ठरतो.

शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले तर ते कोणी दिले, कोणत्या हेतूने दिले, हा प्रश्न नंतरचा. उत्तरदायित्व प्रथम धावपटूचे. आपले कपाट या दृष्टीने उघडून पाहावे. कुपीलूतील स्ट्रिक्नीन स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. म्हणजे विषतिंदुक वटी व अग्नितुंडी वटी बाजूला ठेवाव्या लागतात. जातिफलादि चूर्ण व मदनानंद मोदकात भांग आहे, कर्पूररसात अहिफेन आहे, सोमलतेत एफेड्रिन आहे. हिगेनामाइन हे द्रव्य तर स्पर्धेबाहेरही निषिद्ध. ते वत्सनाभाच्या कुळातील वनस्पतींत आढळले आहे. त्यामुळे सर्दीतापात हात सहज ज्या त्रिभुवनकीर्तीकडे जातो, ती अशा रुग्णाला आम्ही देत नाही. टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीतही ते असते. ही वेल आपल्या गुळवेलीची बहीण; खोडावर ठळक गाठी असतात. आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये या दोहोंत गल्लत न करण्याविषयी सूचना दिली होती. लिंबावर चढलेली, स्वतः ओळखून काढलेली गुळवेल वेगळी आणि गोणीतून आलेले तुकडे वेगळे.

कस्तुरीबद्दलही सांगावयास हवे. २०११ च्या महिला फुटबॉल विश्वचषकात उत्तर कोरियाच्या पाच खेळाडूंच्या नमुन्यांत स्टेरॉइड सापडले. कस्तुरीमृगाच्या ग्रंथीचे पारंपरिक औषध दिल्याचे कारण पुढे करण्यात आले. बंदी टळली नाही. त्याच वर्षी भारताच्या महिला रिले संघातील धावपटू स्टेरॉइड चाचणीत दोषी ठरल्या. जिनसेंगच्या गोळ्या दूषित होत्या हे म्हणणे राष्ट्रीय समितीने ऐकून घेतले व एक वर्षाची बंदी दिली. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने २०१२ मध्ये ती दोन वर्षांची केली.

परंतु ग्रामीण भागात सर्वांत सहज घडणारा नियमभंग वनस्पतींचा नाही, सलाईनचा आहे. ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा’ हा आग्रह आपल्याला नवा नाही. बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा अधिक द्रव शिरेवाटे देणे, रुग्णालयीन उपचार, शस्त्रक्रिया वा निदानाच्या तपासण्या वगळता, सर्वकाळ निषिद्ध आहे. बाटलीत केवळ मीठपाणी असले तरीही. ग्लुकोकॉर्टिकॉइडचे इंजेक्शन २०२२ पासून स्पर्धाकाळात कोणत्याही मार्गाने चालत नाही. मुलगा खरोखर आजारी असेल तर उपचार रोखू नयेत. त्याची स्पर्धा थांबवावी, कागदपत्रे नीट लिहावीत आणि औषधोपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज करावयास सांगावे.

मग द्यावे काय? तिळतेलाचा अभ्यंग, भरपूर झोप, नाचणी, दूधतूप, खारीक. स्पर्धेच्या तोंडावर वमन-विरेचन मुळीच नको. नवे औषधही नको. जे तीन महिन्यांपूर्वी मानवले तेच चालू ठेवावे.

औषध विक्रेत्यांना एक विनंती आहे. धावपटूला काही विकताना बिलावर उत्पादकाचे नाव व बॅच क्रमांक लिहावा, आणि त्याच बॅचचा एक सीलबंद डबा स्पर्धा संपून काही महिने होईपर्यंत कपाटात बाजूला ठेवावा. पुढे दूषित मालाचा प्रश्न निघालाच, तर तपासण्यासाठी त्या मुलाजवळ दुसरे काही उरलेले नसते.