बर्फावरचा खेळ, कानांवरचा ढोल

लेकीकडे जर्मनीला गेलात, तर जावईबापू आइस हॉकीचा सामना दाखवायला नेतील. तिथे गोलमागे उभे राहून चाहते ढोल बडवतात, त्या ठेक्यावर सारे गाणी म्हणतात. गणपतीची मिरवणूकच आठवावी! पण मिरवणूक उघड्यावर असते. इथे डोक्यावर छप्पर, आवाज घुमत राहतो. खेळ २०-२० मिनिटांच्या तीन भागांचा. ८५ डेसिबलचा आवाज कान दिवसाकाठी आठ तास सोसतात, १०० डेसिबलचा मात्र जेमतेम १५ मिनिटे. तेव्हा नातवंड बरोबर असेल तर कापसाच्या बोळ्यावर विसंबू नका. आवाज अडवणारी जाड कानझाकणी लावा, ढोलापासून लांब बसा. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजते म्हणाले, अन् दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर डॉक्टरांना दाखवाच!