चाकाचे स्पेसर : लाभहानीचा यांत्रिक विचार

मोटारीचे चाक व हब यांच्यामध्ये धातूची चकती बसवून चाक बाहेर सरकविण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आढळतो. या चकतीस स्पेसर म्हणतात. गाडी रुंद झाली म्हणजे ती अधिक स्थिर झाली, असा यामागील समज आहे. तो कितपत साधार आहे, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

वळणावर आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर जाणारा भार वस्तुमान, पार्श्वत्वरण व गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणाकारास चाकांमधील आडव्या अंतराने भागले असता मिळतो. १२०० किलोग्रॅमची गाडी, ०.५५ मीटर उंचीवरील गुरुत्वमध्य आणि गुरुत्वत्वरणाच्या निम्मे पार्श्वत्वरण घेतल्यास, १.५० मीटर अंतरासाठी हा भार सुमारे २१५६ न्यूटन येतो. प्रत्येक बाजूस २० मिलिमीटरचा स्पेसर बसविल्यास तो २१०० न्यूटन होतो. म्हणजे लाभ खरा, परंतु अडीच टक्क्यांच्या आसपास.

आता हानीकडे वळू. सरळ रस्त्यावर प्रत्येक चाकावरील सुमारे २९४० न्यूटनांचा भार २० मिलिमीटर बाहेर गेल्याने बेअरिंगवर जवळजवळ ५९ न्यूटन-मीटर इतके जादा आघूर्ण येते. वळणावर बाहेरील चाकाच्या बाबतीत पार्श्वबलाचे आघूर्ण याच्या विरुद्ध असते, हे मान्य केले पाहिजे. पण बेअरिंगचे बहुतेक आयुष्य सरळ रस्त्यावरच जाते. गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे भार दहा टक्के वाढला तरी आयुष्य चतुर्थांशाने घटते.

सुकाणूवरील परिणाम अधिक सूक्ष्म आहे. सुकाणूचा अक्ष जमिनीस जेथे मिळतो तो बिंदू आणि टायरच्या स्पर्शाचा मध्य यांतील आडवे अंतर १९७२ च्या औडी ८० मध्ये मुद्दाम ऋण ठेवले होते. अशा रचनेत एका बाजूचा ब्रेक कमी लागला तरी चाके आपोआप विरुद्ध दिशेस वळून गाडी सावरतात. हे अंतर ऋण १० मिलिमीटर असलेल्या गाडीस २० मिलिमीटरचा स्पेसर बसविला, तर ते धन १० होते आणि तेच बल गाडीस अधिकच ओढू लागते.

सर्वांत गंभीर प्रश्न जोडाचा आहे. चाकावरील बले स्टडच्या कातरबलाने नव्हे, तर आवळलेल्या पृष्ठांमधील घर्षणाने वाहिली जातात. १२ मिलिमीटर जाडीच्या, १.५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांच्या स्टडवर नट १२ मिलिमीटर बसल्यास आठ आटे धरतात. लांबी शिल्लक नसल्यास ५ मिलिमीटरची साधी चकती त्यांतील तीनांहून अधिक आटे हिरावून घेते. स्वतःचे स्टड असलेल्या जाड स्पेसरमध्ये हा दोष नाही. परंतु तेथे एकाऐवजी दोन जोड होतात, आणि आतील जोड चाक उतरविल्यावाचून तपासता येत नाही.

तात्पर्य, मोठ्या ब्रेकसाठी जागा करणे यासारखे निश्चित प्रयोजन असेल, चकती हबच्या मध्यकड्यावर नेमकी बसत असेल, आट्यांची पकड पुरेशी असेल आणि आवळणी पुन्हा तपासली जाणार असेल, तरच हा फेरबदल समर्थनीय ठरतो. केवळ स्थैर्यासाठी तो करणे म्हणजे अल्प लाभाकरिता जोडाची विश्वसनीयता पणास लावणे होय.