टप्पा, थांबा, ताट

कमी पैशांत फिरण्याबद्दल आपल्याकडे हल्ली दोन तऱ्हेचे लोक लिहितात आणि दोघांशीही माझं जमत नाही. पहिले, अमुक इतक्या रुपयांत कोकण करून आल्याचा ताळेबंद मांडणारे. पेरू विकणाऱ्या बाईशी पाच रुपयांवरून घातलेली हुज्जतही त्यांना पराक्रम वाटते. दुसरे, ‘वर्षातून एकदा तर निघतो, तेव्हा कशाला हात आखडायचा’ म्हणणारे. दोघांनीही मनात एकच गोष्ट धरलेली असते, की स्वस्त म्हणजे काहीतरी उणं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे आणि ते मी जागा मिळेल तिथे मांडत आलो आहे. महाराष्ट्रात जे ताट स्वस्त आहे तेच बहुधा चवीलाही सरस आहे, आणि दोन्हीचं कारण एकच: रोजचं गिऱ्हाईक. ज्या खानावळीत तोच तलाठी, कोर्टातला तोच बेलिफ आणि तोच टेम्पोवाला महिन्याचे पंचवीस दिवस जेवतो, तिथल्या मालकाला आमटीत पाणी वाढवता येत नाही आणि दरही मनाला येईल तसा चढवता येत नाही. दुसऱ्या दिवशी तेच तोंड समोर येणार असतं.

पैसे नसताना फिरण्याची आपली परंपरा जुनी आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेला निघाले ते डोक्यावर कर्ज होतं म्हणून. बायजाबाई शिंदे मथुरेला यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, या आशेवर ते चालत निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. भारताचार्य वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेला गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आपण इतिहासाचं साधन म्हणून वाचतो. माझ्या मते खिसा रिकामा असताना माणूस किती पाहू शकतो याचाही तो पहिल्या प्रतीचा दाखला आहे. वारीबद्दल इथे वेगळं लिहीत नाही. दिंडीत जेवलेल्याला सांगायला नको आणि न जेवलेल्याला सांगून कळत नाही.

माझा खरा विषय एसटी. १ जून १९४८ ला पुणे–नगर मार्गावर पहिली गाडी धावली, हे दरवर्षी वर्धापनदिनाला छापून येतं. त्यानंतर जे घडलं त्याचं मोल मात्र कमी लोकांनी ओळखलं. सहा किलोमीटरचा टप्पा आणि टप्प्याला ठरलेलं भाडं, या साध्या हिशेबावर अख्खा महाराष्ट्र कुणालाही पाहता येईल असा झाला. १९८८ साली ‘आवडेल तेथे प्रवास’चा पास आला; हल्ली तो चार किंवा सात दिवसांचा मिळतो, वाटेल तिकडे फिरा. मी तेव्हापासून तरुण मंडळींना सांगतोय की परदेशी रेल्वेपासची वर्णनं वाचून हळहळण्यापेक्षा जवळच्या स्थानकाच्या खिडकीवर जा. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तरीही साध्या गाडीचा टप्पा दहा रुपयांच्या आसपासच आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, पासष्टच्या पुढे निम्मं भाडं, आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट. या शेवटच्या सवलतीवर नाकं मुरडणारे पुष्कळ भेटले. त्यांनी एकदा मंगळवारी किंवा शुक्रवारी तुळजापूरच्या गाडीत बसावं. नवऱ्याला न विचारता, चौघीजणींनी ठरवून, डबे बांधून निघालेल्या बायका मी याआधी एवढ्या संख्येने पाहिल्या नव्हत्या.

त्यातही माझा जीव आहे तो मुक्कामी गाडीवर. तालुक्याच्या आगारातून संध्याकाळी सुटते, शेवटच्या गावी रात्री पोचते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते. शाळेची पोरं, दवाखान्याला निघालेले म्हातारे, दुधाच्या किटल्या, तालुक्याला कोर्टाच्या तारखेला जाणारा माणूस असं सगळं गाव त्या पहाटेच्या फेरीवर अवलंबून असतं. प्रवाशाला मुक्कामी गाडीइतकी उत्तम दुसरी सोय मला माहीत नाही. गाव पाहायला संध्याकाळ मिळते, परतीची हमी असते, आणि तुम्ही ज्या गाडीतून उतरलात तीच तुमची ओळख ठरते. ‘कुणाकडं आलाय?’ हा प्रश्न येतोच. ‘कुणाकडं नाही, गाडीनं आलोय, पहाटे गाडीनंच जाणार’ असं म्हटलं की कंडक्टर तुमच्या वतीने चार शब्द बोलतो आणि देवळाच्या सभामंडपात पथारीपुरती जागा निघते.

भोर आगाराच्या अशा एका गाडीने मी हिर्डोशीच्या खोऱ्यात गेलो होतो. कंडक्टरचं जेवण ज्या घरी ठरलेलं होतं तिथेच माझंही पान मांडलं गेलं. घरातली बाई नाचणीची भाकरी करत होती. उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढलेली, ती परातीत तळहाताच्या टाचेने मळून घेतलेली. थापताना परात आपोआप फिरते की काय असं वाटावं इतका तो हात सराईत होता. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूने पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकता सुकता भाकरी उलटली आणि मग तवा उतरवून ती निखाऱ्यासमोर चुलीच्या अंगाला उभी केली. ती टम्म फुगली. पापुद्रा वर उचलून त्यात हुलग्याची पिठी वाढली आणि वर कच्चं तेल. बाईंनी पैसे घेतले नाहीत, तेव्हा कंडक्टरच्या सल्ल्याने मी ते धाकट्या मुलीच्या हातात ठेवले. हा रिवाज पाळा. फुकट जेवून आल्याची फुशारकी मारणाऱ्यांमुळे पुढच्या माणसाला दार उघडायला उशीर होतो.

२०२१-२२ च्या लांबलेल्या संपानंतर अशा काही गाड्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. वडापच्या जिपांनी गिऱ्हाईक नेलं होतंच. चालक-वाहकांना रात्री झोपायला धड जागा नाही, स्वच्छतागृह नाही, ही तक्रारही खरी आहे. पण प्रत्येक ग्रामपंचायतीने एक खोली, एक नळ आणि एक संडास एवढं दिलं तर ही व्यवस्था टिकेल. पर्यटन विकासाच्या नावाखाली स्वागतकमानी उभारण्याचा खर्च याहून जास्त होतो.

एसटीने घाट उतरणं हा तर खाण्याच्या अभ्यासाचा वर्गच. कऱ्हाडहून चिपळूणची गाडी पकडा. पाटणपर्यंत ताटात ज्वारीची भाकरी असते, कोयनानगर-हेळवाकच्या बाजूला नाचणी दिसू लागते, कुंभार्ली उतरलात की चिपळुणात तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण. काही तासांत जमीन, पाऊस आणि पीठ तिन्ही बदलतात. बाजरीचा जुन्नर-नगरचा टापू, खानदेशात उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी आणि तिच्यासोबत भरीत, सोलापूरकडची पांढरीशुभ्र ज्वारी: ज्याला भाकरी ओळखता येते त्याला वाटेत पाटी वाचायची गरज पडत नाही. मिसळीवर मात्र मी या लेखात लिहिणार नाही. कोल्हापूर, पुणे, नाशिक आणि ठाणे यांच्या भांडणात दिवाळी अंकांची पुरेशी पानं खर्ची पडली आहेत.

आता खानावळ. मुंबईच्या गिरणगावात ती बायकांनी चालवली हे विसरलं जातं. गावाकडून एकट्या आलेल्या कामगाराला गावाची चव देणं हा त्यांचा धंदा होता. कोकणातल्याला कालवण-भात, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत रस्सा. पगार महिन्याने आणि किराणा रोजचा, त्यामुळे या बायका सावकाराच्या कर्जात असत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारापर्यंत नेलं. पुढे जानेवारी १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, आणि रोजचं गिऱ्हाईकच उठून गेल्यावर खानावळी कशा राहणार? स्वस्त आणि चवदार अन्नामागे नुसती हाताची चव नसते, पंगतीला ठरल्या वेळी बसणारी माणसं लागतात, हे मी गिरणगावाकडे पाहून शिकलो.

तालुक्याच्या गावी ही व्यवस्था अजून तग धरून आहे. ती शोधायची खूण सोपी आहे. तहसील कचेरी, पंचायत समिती आणि न्यायालय यांच्या आसपास दुपारी साडेबाराला कुठे चपलांचा ढीग दिसतो ते पाहा. आत फळ्यावर खडूने दोन भाज्या लिहिलेल्या असतात; तिसरी मागू नका. एक उसळ, एक पालेभाजी किंवा वांगं, आमटी, भात, ताटाच्या कडेला शेंगदाण्याची चटणी. वाढपी विचारतो, ‘भाकरी का चपाती?’ तिथे भाकरीच म्हणायचं. अडीचला पातेली रिकामी होतात आणि मालक स्वतः जेवायला बसतो. ‘असल्या ठिकाणी स्वच्छतेचं काय?’ असं विचारणाऱ्या टीकाकारांना माझं उत्तर एवढंच, की जिथे सकाळी शिजवलेलं दुपारी संपतं आणि उरलं तर ठेवायला शीतकपाट नसतं, तिथलं अन्न ताजंच असतं. पन्नास पदार्थांची यादी देणाऱ्या हॉटेलात त्यातले किती पदार्थ आज केलेले आहेत हा प्रश्न कुणी का विचारत नाही?

देवस्थानांची प्रसादालयं, शेगावच्या संस्थानाची शिस्त आणि तिथले अल्प दराचे भक्तनिवास, गणपतीपुळ्याची दुपारची खिचडी यांच्यावर इतरांनी भरपूर लिहिलं आहे. शेगावला उतराल तर फाळणीनंतर आलेल्या पंजाबी कुटुंबाने रुजवलेली कचोरी खाऊन पुढे चला. रेल्वेबद्दलही थोडक्यात. कर्जतचा बटाटावडा प्रसिद्ध झाला तो बोरघाटामुळे. सदतिसास एक असा चढ चढायला गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडावी लागतात, तेवढा वेळ गाडी थांबते, आणि त्या थांब्यावर वडा मोठा झाला. करोनानंतर पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचं भाडं लावलं गेलं आणि दहाचं किमान तिकीट तीस रुपये झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा दहावर आलं, तेव्हा आमच्यासारख्यांना झालेला आनंद वर्तमानपत्रांच्या आतल्या पानातही मावला नाही. विमानाची स्वस्त तिकिटं, वसतिगृहवजा हॉस्टेलं, खोल्या ठरवून देणारी ॲपं यांची माहिती ज्याच्या त्याच्या फोनवर आहे.

स्वस्त ताटाला सरकारनेही हात लावून पाहिला. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर आली. त्या केंद्रांच्या जागांवर पुढे भलतीच दुकानं उभी राहिलेली आपण पाहिली. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, भाजी, वरण, भात. त्या वेळी काही विद्वानांनी लिहिलं की फुकटेगिरी वाढेल. मी अशा केंद्रांवर हमाल आणि परीक्षेला आलेली खेड्यातली पोरं जेवताना पाहिली आहेत. ती तिथे जेवली म्हणून परगावी येऊ शकली. यालाही मी प्रवासच म्हणतो.

दुखतं ते दुसरीकडेच. एसटी स्थानकांतली कँटीनं एकामागून एक बंद पडली किंवा वेफर्सच्या पुड्यांची दुकानं झाली. पितळी पिंपातला चहा, परातीतला कांदापोह्यांचा ढीग, काचेच्या कपाटातला बुंदीचा लाडू हे पहाटेच्या गाडीला निघालेल्या माणसाचं हक्काचं खाणं होतं. लांब पल्ल्याची गाडी आता गावाबाहेरच्या मोठ्या हॉटेलापाशी थांबते. तिथे गाडीतल्या माणसाला दुसरा पर्याय नसतो, आणि ज्याला पर्याय नाही अशा गिऱ्हाइकासाठी कुणी मन लावून आमटी करत नाही. हमरस्त्यावर ‘चुलीवरचं’, ‘गावरान’ अशा पाट्यांची रांग लागली आहे. त्या ताटाच्या किमतीत तालुक्याच्या खानावळीत चौघांचं कुटुंब जेवतं. आणि सगळ्यांत मोठी उलथापालथ भाकरीची. गरिबाचं अन्न म्हणून जिला हिणवलं ती ज्वारीची भाकरी आज पुष्कळ ठिकाणी चपातीपेक्षा महाग मिळते. उसाने आणि सोयाबीनने ज्वारीची रानं घेतली. ज्वारी हाताने उपटायची, कणसं मोडायची, त्याला मजूर मिळत नाही. हॉटेलवाल्यांना दोष देणाऱ्यांनी आधी शिवारात जाऊन पाहावं.

म्हणूनच या हिवाळ्यात ज्यांना कमी खर्चात बाहेर पडायचं आहे त्यांना मी आठवडी बाजार धरायला सांगेन. बेल्ह्याचा सोमवारी, काष्टीचा शनिवारी, सांगोल्याचा रविवारी. बाजारादिवशी गाड्या जास्त, गिऱ्हाईक शेतकरी, आणि रस्सा त्याच्या जिभेला पटेल असाच करावा लागतो. सांगोल्यासाठी शनिवारी पंढरपुरात एखाद्या मठात किंवा धर्मशाळेत पाठ टेका, सकाळच्या पहिल्या गाडीने बाजार गाठा, खिलार जनावरं पाहा, दुपारी तिथेच पालात बसून जेवा आणि संध्याकाळच्या आत मंगळवेढ्याला निघा. तिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पिकते ती बहुतेक मालदांडी, काळ्या भारी जमिनीत, ओलाव्यावर. डिसेंबरच्या अखेरीपासून कणसं हुरड्याला येतात. त्यासाठी माणशी दर लावणारं कृषी-पर्यटन केंद्र शोधत बसू नका. पेठेत ज्या दुकानदाराकडून चार किलो ज्वारी घ्याल त्यालाच विचारा. कुणाच्या रानात आगटी पेटली आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि सोबत गूळ, शेंगांची चटणी न्यायला तोच सांगतो.